एच.आय.व्ही.वरील औषध आणि आपले कर्तव्य

(ग्रामपंचायत सदस्य, ग्रामपंचायत अधिकारी व शिक्षक यांच्या तालुकास्तरीय शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पाणीपुरवठा, घरकुले, रस्ते अशा विषयांच्या रांगेत आज एका औषधाचा विषय आलेला पाहून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. औषधाविषयी डॉक्टरांनी बोलावे, माहिती खात्यातील माणसाने काय बोलावे, अशी शंकाही कोणाच्या मनात आली असेल. ही शंका रास्त आहे. कोणत्या रुग्णास कोणते औषध द्यावयाचे हे ठरविणे सर्वस्वी डॉक्टरांचे काम होय, आणि त्यात मी पडणार नाही. परंतु औषध रुग्णालयाच्या खिडकीतून रुग्णाच्या हाती पडले की डॉक्टरांचे काम तात्पुरते संपते. तेथून ते औषध गावात येते, घरात येते, मजुराच्या पिशवीत जाते, शाळकरी मुलाच्या कपाटात ठेवले जाते. ते रोज पोटात जाते की नाही हे पुढे बरेचसे गावावर अवलंबून असते. म्हणून हा विषय आपलाही आहे.

एच.आय.व्ही. हा विषाणू शरीरातील रोगप्रतिकारक पेशींवर हल्ला करतो. उपचार झाला नाही तर काही वर्षांनी शरीराची प्रतिकारशक्ती ढासळते, क्षयरोगासारखे आजार बळावतात आणि एड्स या अवस्थेपर्यंत मजल जाते. हे आपण सर्वजण भिंतीवरील फलकांतून वाचत आलो आहोत. मात्र फलकांनी भीती जितकी पोहोचविली तितकी औषधाची माहिती पोहोचली नाही. आज ती थोडी सविस्तर सांगावी, असा माझा हेतू आहे.

चाळीस वर्षांची वाटचाल

हा आजार १९८१ मध्ये प्रथम अमेरिकेत नोंदला गेला. भारतात या विषाणूचा संसर्ग १९८६ मध्ये चेन्नई येथे प्रथम आढळला. १९८७ मध्ये झिडोव्हुडिन हे पहिले औषध अमेरिकेत मान्य झाले. तथापि एकट्या औषधाने आलेला गुण टिकत नसे. १९९६ च्या सुमारास तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत रूढ झाली आणि चित्र पालटले. अंथरुणाला खिळलेली माणसे उठून कामाला लागली.

पण ही संजीवनी होती श्रीमंत देशांपुरती. एका रुग्णाच्या वर्षभराच्या औषधांना दहा हजार डॉलरहून अधिक खर्च येई. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला या कंपनीने तीन औषधांचा संच वर्षाला ३५० डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एका डॉलरहूनही कमी दरात, देण्याची तयारी एका आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संघटनेकडे दर्शविली. १९७० च्या भारतीय पेटंट कायद्यामुळे आपल्या देशात ही औषधे स्वतंत्र प्रक्रियेने तयार करता येत होती, म्हणून हे शक्य झाले. आफ्रिकेतील व आशियातील लक्षावधी रुग्णांपर्यंत पुढे औषध पोहोचले त्यात भारतीय कारखान्यांचा वाटा फार मोठा आहे.

आपल्या देशात १ एप्रिल २००४ पासून शासकीय केंद्रांतून हे उपचार विनामूल्य मिळू लागले. सुरुवातीस रुग्णाची प्रतिकारशक्ती ठरावीक पातळीखाली उतरल्यावरच औषध सुरू करीत. २०१७ पासून हे धोरण बदलले. आता तपासणीत संसर्ग आढळला की, प्रतिकारशक्ती कितीही असो, उपचार सुरू केले जातात. औषध जितके लवकर सुरू होईल तितके शरीराचे नुकसान कमी, हा त्यामागील विचार होय.

औषध नेमके काय करते

सध्या शासकीय केंद्रांतून बहुसंख्य प्रौढ रुग्णांना जी गोळी दिली जाते तिच्यात तीन औषधे एकत्र असतात : टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्हुडिन ३०० मिलिग्रॅम आणि डोल्युटेग्रॅव्हिर ५० मिलिग्रॅम. तिघांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला टी.एल.डी. म्हणतात. दिवसातून एकदा, एकच गोळी. लहान मुलांसाठी व मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांसाठी वेगळे संच असतात.

या तीन औषधांचे कार्य समजण्यासाठी आपल्याच दप्तराचे उदाहरण घेऊ. विषाणूजवळ स्वतःचा एक मजकूर असतो, पण तो पेशीच्या दप्तरात चालणाऱ्या लिपीत नसतो. म्हणून पेशीत शिरल्यावर विषाणू प्रथम त्या मजकुराची पेशीच्या लिपीत नक्कल करतो. मग ती नक्कल तो पेशीच्या मूळ दप्तरात चिकटवून टाकतो. एकदा अशी खोटी नोंद झाली की पेशी ती आपलीच समजते आणि तिच्या आधारे नवे विषाणू तयार करीत राहते. टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडिन ही दोन औषधे नक्कल करण्याच्या कामातच मोडता घालतात. त्यातूनही एखादी नक्कल पुरी झालीच, तर डोल्युटेग्रॅव्हिर ती दप्तरात चिकटू देत नाही.

यावरून दोन गोष्टी ध्यानात येतील. पहिली, औषध नवी नोंद रोखते, पण आधीच झालेल्या नोंदी खोडू शकत नाही. काही पेशींत त्या वर्षानुवर्षे निपचित पडून राहतात. औषध थांबले की काही आठवड्यांत विषाणू पुन्हा वाढू लागतो. म्हणूनच हे औषध आयुष्यभर घ्यावे लागते. याचा अर्थ ते निरुपयोगी आहे असा मुळीच नव्हे. रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्याही आपण रोज घेतो, त्या आजार मुळापासून नाहीसा करीत नाहीत, तरीही त्यांच्या आधारे माणूस दीर्घकाळ चांगला जगतो.

दुसरी गोष्ट, विषाणू नक्कल करताना सतत चुका करतो, आणि अशा एखाद्या चुकीतून औषधाला न जुमानणारा विषाणू जन्माला येतो. एकाच औषधाला तो सहज चकवतो, तिघांना एकाच वेळी चकविणे त्यास फार कठीण जाते. परंतु गोळ्या वारंवार चुकल्या की रक्तातील औषधाचे प्रमाण घटते, विषाणू वाढतो, आणि अर्धवट औषधाच्या सान्निध्यात तो त्याला सरावतो. मग तीच गोळी नंतर नियमित घेतली तरी हवा तसा गुण देत नाही. यालाच औषधप्रतिरोध म्हणतात. डोल्युटेग्रॅव्हिरच्या बाबतीत हा धोका जुन्या औषधांपेक्षा कमी आहे, पण तो नाही असे नाही.

गोळी घेण्याचे नियम

गोळीची एक वेळ ठरवावी आणि ती पाळावी. सकाळचा चहा, संध्याकाळची दिवेलागण, रात्रीचे जेवण अशा रोजच्या एखाद्या गोष्टीशी ती जोडली म्हणजे विसर पडत नाही. ही गोळी जेवणापूर्वी किंवा जेवणानंतर, केव्हाही चालते. पूर्वीच्या संचात एफाविरेंझ नावाचे औषध असे. त्याने चक्कर येई, विचित्र स्वप्ने पडत, म्हणून ते रात्री झोपताना घेण्यास सांगत. सध्याच्या गोळीने ज्यांची झोप उडते त्यांना डॉक्टर ती सकाळी घ्यावयास सांगतात.

गोळी चुकली तर काय करावयाचे? आठवण होताच घ्यावी. मात्र पुढच्या गोळीस चार तासांहून कमी अवधी उरला असेल तर चुकलेली सोडून द्यावी आणि पुढची वेळेवर घ्यावी. भरपाई म्हणून दोन गोळ्या एकदम कधीही घेऊ नयेत. १०० पैकी ९५ हून अधिक गोळ्या वेळेवर घेतल्या जाव्यात, अशी अपेक्षा असते. महिन्याच्या ३० गोळ्यांतून दोन चुकल्या तरी हे प्रमाण ९३ वर येते, हे साधे गणित शिक्षकांनी ध्यानात घेण्याजोगे आहे.

गोळ्या मूळ बाटलीतच ठेवाव्यात. झाकण घट्ट असावे आणि आतील ओलावा शोषणारी पुडी काढून टाकू नये. चुलीजवळ, पत्र्याखालच्या फळीवर किंवा उन्हाच्या खिडकीत बाटली ठेवू नये. आता येथे एक अडचण उभी राहते. बाटलीवरील नाव कोणी वाचील या धास्तीने काही जण गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून धान्याच्या कणगीत किंवा पिठाच्या डब्यात लपवितात. दमट हवेने गोळी खराब होते. पाहुणे घरी असले की डबा उघडता येत नाही, आणि गोळी चुकते. म्हणजे गोळी बिघडते ती हवेने, आणि चुकते ती लोकलज्जेने. या लोकलज्जेकडे मी पुढे वळणार आहे.

इतर औषधांशी मेळ

सुरक्षिततेचा महत्त्वाचा भाग येथे येतो. आपण गावात सहज घेतो अशा काही औषधांमुळे या गोळीचा परिणाम कमी होतो.

पित्तासाठी घेतात त्या, ॲल्युमिनियम व मॅग्नेशियम असलेल्या पांढऱ्या पातळ औषधामुळे किंवा चघळण्याच्या गोळ्यांमुळे डोल्युटेग्रॅव्हिर आतड्यात नीट शोषले जात नाही. म्हणून एच.आय.व्ही.ची गोळी असे औषध घेण्यापूर्वी किमान दोन तास किंवा त्यानंतर सहा तासांनी घ्यावी. लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्यांनाही हाच नियम आहे. फरक इतकाच की लोह किंवा कॅल्शियम भरल्या पोटी, जेवणासोबत घेतले तर दोन्ही गोळ्या एका वेळी चालतात. आपल्या अंगणवाड्यांतून व उपकेंद्रांतून गरोदर भगिनींना लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या जातात. त्या वाटताना ‘दुसरी कोणतीही रोजची गोळी चालू असेल तर दोन्ही कशा घ्यावयाच्या ते परिचारिकेला एकट्यात विचारा’ एवढे वाक्य प्रत्येकीला सांगितले तर कोणाचेही नाव न घेता काम होते.

मधुमेहाच्या मेटफॉर्मिन या औषधाचे रक्तातील प्रमाण डोल्युटेग्रॅव्हिरमुळे वाढते. म्हणून डॉक्टर त्याची मात्रा सामान्यतः दिवसाला १,००० मिलिग्रॅमच्या आत ठेवतात. याउलट क्षयरोगावरील रिफाम्पिसिनमुळे डोल्युटेग्रॅव्हिरचे प्रमाण घटते. अशा रुग्णांना बारा तासांच्या अंतराने डोल्युटेग्रॅव्हिरची आणखी एक ५० मिलिग्रॅमची गोळी दिली जाते. फेफऱ्यावरील फेनिटॉइन, फेनोबार्बिटल व कार्बामाझेपिन या गोळ्यांबाबतही डॉक्टरांना आधी सांगणे अगत्याचे आहे. सांधेदुखी किंवा अंगदुखीसाठी दुकानातून परस्पर वेदनाशामक गोळ्या आणून दिवसेंदिवस घेण्याची आपल्याकडे सवय आहे. टेनोफोव्हिरबरोबर अशी सवय मूत्रपिंडास घातक ठरू शकते.

सारांश, नियम एकच. दवाखाना कोणताही असो, दाताचा असो वा डोळ्याचा, आपण कोणत्या गोळ्या घेतो हे रुग्णाने तेथील डॉक्टरांस सांगावे, आणि ते निर्भयपणे सांगता येईल असे वातावरण त्या दवाखान्यात असावे.

जडीबुटीने एड्स समूळ बरा करतो अशा जाहिराती अद्याप कोठे कोठे दिसतात. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील अनुसूची ‘जे’ मध्ये जे आजार बरे करण्याचा दावा कोणत्याही औषधास करता येत नाही त्यांची यादी आहे आणि तीत एड्सचा समावेश आहे. अशा जाहिरातीच्या नादी लागून चालू गोळी बंद करणे ही जिवाशी गाठ होय. जत्रेत किंवा बाजारात असा दावा करणारा कोणी आढळल्यास पंचायतीने अन्न व औषध प्रशासनास अवश्य कळवावे.

त्रास झाला तर

कोणतेही प्रभावी औषध सर्वस्वी निरुपद्रवी नसते. पहिल्या काही आठवड्यांत मळमळ, डोकेदुखी, झोप न लागणे असा त्रास काहींना होतो. बहुधा तो हळूहळू ओसरतो. काहींचे वजन वाढते. टेनोफोव्हिरमुळे काही थोड्या रुग्णांच्या मूत्रपिंडावर किंवा हाडांवर परिणाम होऊ शकतो. म्हणून ठरावीक अंतराने रक्तातील क्रिएटिनिन तपासतात. ही तपासणी टाळू नये.

अंगावर पुरळ आणि जोडीला ताप, डोळे पिवळे होणे, लघवी अगदी कमी होणे, चेहऱ्यावर सूज, श्वास लागणे यांपैकी काहीही झाले तर वाट न पाहता केंद्र गाठावे. उपचार सुरू झाल्यावर कधी कधी ताप येतो, गाठी सुजतात. प्रतिकारशक्ती जागी झाल्यामुळे शरीरात दबून असलेला क्षयरोग उघड होतो, हे त्याचे एक कारण असते. ‘औषधाने आजार वाढला’ असा समज करून घेऊन रुग्ण अशा वेळी गोळ्या टाकून देतो. वस्तुतः त्याच वेळी डॉक्टरांची गरज सर्वाधिक असते.

गोळी स्वतःच्या मनाने कधीही थांबवू नये. यास आणखी एक कारण आहे. टेनोफोव्हिर व लॅमिव्हुडिन ही औषधे हिपॅटायटिस-बी या यकृताच्या संसर्गावरही काम करतात. ज्यांना दोन्ही संसर्ग आहेत त्यांनी गोळी एकाएकी सोडली तर यकृताचा आजार जोराने उसळू शकतो.

औषध लागू पडले हे कसे कळते

रक्तातील विषाणूंचे प्रमाण मोजण्याच्या तपासणीस ‘व्हायरल लोड’ म्हणतात. उपचार सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी, मग बारा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी ती विनामूल्य केली जाते. गोळ्या नियमित घेणाऱ्या बहुतेक रुग्णांत हे प्रमाण इतके खाली येते की यंत्रास विषाणू सापडत नाही.

अशा रुग्णाकडून लैंगिक संबंधातून जोडीदारास संसर्ग होत नाही, असे आता शास्त्राने सिद्ध केले आहे. नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांचा यासंबंधी एक मोठा अभ्यास झाला. या प्रत्येक जोडप्यात एकास संसर्ग होता, दुसऱ्यास नव्हता. पुण्याजवळ भोसरी येथील राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेचा या अभ्यासात सहभाग होता, ही महाराष्ट्रास भूषणावह गोष्ट आहे. लवकर उपचार सुरू केल्याने जोडीदाराकडे होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटतो, असे २०११ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत दिसून आले. पुढील अभ्यासांनी हे अधिक पक्के केले. म्हणजे जी गोळी एकाचा जीव राखते, तीच दुसऱ्याचे संरक्षण करते. अर्थात असे रुग्ण रक्तदान करू शकत नाहीत, आणि सुयांबाबतची खबरदारी सर्वांनीच घ्यावयाची असते.

मातेकडून बाळास होणाऱ्या संसर्गाबाबतही हेच. काहीच उपाय केले नाहीत तर १०० पैकी १५ ते ४५ बाळांस संसर्ग होऊ शकतो. गरोदरपणी वेळीच तपासणी झाली, मातेने औषध नियमित घेतले आणि जन्मानंतर बाळास ठरल्याप्रमाणे औषध दिले तर हे प्रमाण पाचाच्याही खाली आणता येते. बाळाच्या स्तनपानाविषयी केंद्रात सल्ला मिळतो.

जाता जाता एक गोष्ट सांगितली पाहिजे. कचरा उचलताना सफाई कामगारास किंवा काम करताना परिचारिकेस वापरलेली सुई टोचली, तर संसर्ग टाळण्यासाठीही औषध असते. ते शक्य तितक्या लवकर, ७२ तासांच्या आत सुरू करावे लागते आणि २८ दिवस घ्यावे लागते. जखम पाण्याने व साबणाने धुवावी आणि लगेच शासकीय रुग्णालय गाठावे. प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या सफाई कामगारांस हे सांगून ठेवावे.

आता आपले काम

येथवर जे सांगितले ते रुग्णाने काय करावे याविषयी. आता आपण काय करावे याविषयी दोन शब्द.

माझा व्यवसाय माहिती पोहोचविण्याचा आहे. शासनाची योजना, तिचे लाभ, तिचे अर्ज हे सारे चावडीपर्यंत नेणे यासाठीच आमचे खाते आहे. तरीही या एका विषयात मी आपणांस सांगणार आहे की माहिती दोन प्रकारची असते, आणि दोहोंचे रस्ते भिन्न असले पाहिजेत. औषधाची माहिती सर्वांना हवी. औषध घेणाऱ्या माणसाची माहिती, त्याने स्वतः सांगितल्याखेरीज, कोणासही नको.

‘आमच्या गावात असे किती रुग्ण आहेत, त्यांची नावे आम्हांस द्या, म्हणजे आम्ही त्यांना मदत करू’ असे पंचायतीचे सदस्य पुष्कळदा म्हणतात. हेतू चांगला असतो, यात शंका नाही. पण यादी तयार झाली की ती फुटते. ती फुटली की विहिरीवर कुजबुज सुरू होते, मुलाशेजारी बसण्यास दुसरी मुले नकार देतात, सोयरीक मोडते. आणि मग ज्याचे नाव यादीत नाही तोही तपासणीस जाईनासा होतो. एका यादीने दहा माणसे उपचारापासून दूर जातात. म्हणून मदत करावयाची तर नावे न विचारता करावयाची.

हे शक्य आहे का? निश्चित शक्य आहे. ऊसतोडणी कामगारांचे उदाहरण घ्या. बीड, अहिल्यानगर या भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि चैत्राच्या आसपास परततात. पाच-सहा महिने गाव सुटते. त्या काळात ज्याची गोळी चालू आहे त्याचे काय? जाण्यापूर्वी केंद्रास कळविले तर जास्त महिन्यांचा साठा किंवा कामाच्या ठिकाणाजवळील केंद्रातून औषध मिळण्याची व्यवस्था होऊ शकते. पण हे त्यास आधी ठाऊक हवे. यासाठी ग्रामसभेत एवढीच दवंडी द्यावी : ‘रक्तदाब, मधुमेह, क्षय, फेफरे, एच.आय.व्ही. किंवा अन्य कोणत्याही आजाराची रोजची गोळी ज्यास चालू असेल त्याने निघण्यापूर्वी आपल्या दवाखान्यातून पुरेसे औषध व कागद घ्यावेत.’ दवंडी सर्वांसाठी, लाभ ज्याचा त्याला.

कार्यालयांतही असेच करता येईल. औषध आणण्यासाठी कर्मचारी ठरावीक दिवशी रजा मागतो, तेव्हा कोणता आजार, कोणते केंद्र, अशी चौकशी चारचौघांत करू नये. नियमांत बसणारी रजा कोणत्याही रुग्णालयीन कामासाठी सारखीच द्यावी. शाळेत एखादा विद्यार्थी दर महिन्यास एक दिवस गैरहजर राहतो, तर वर्गासमोर त्यास कारण विचारू नये. आजीबरोबर दवाखान्यात गेलेल्या त्या मुलाच्या पाठीवर परतल्यावर नुसता हात ठेवावा. त्यास वेगळे बसवू नये, त्याचे ताट वेगळे ठेवू नये. एकत्र जेवल्याने, खेळल्याने, एका माठातील पाणी प्यायल्याने हा संसर्ग होत नाही.

हे केवळ सौजन्य नव्हे, कायदाही आहे. एच.आय.व्ही. व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण अधिनियम, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून देशात लागू आहे. शिक्षण, नोकरी, आरोग्यसेवा, राहण्याची जागा यांत संसर्गाच्या कारणावरून भेदभाव करण्यास त्याने मनाई केली आहे. नोकरीसाठी किंवा शाळाप्रवेशासाठी ही तपासणी मागता येत नाही. संमतीवाचून तपासणी करता येत नाही. कायद्यात सांगितलेले मोजके प्रसंग वगळता कोणाची स्थिती त्याच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही. १०० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत, आणि आरोग्यसंस्था असेल तर २० माणसांपासूनच, तक्रार अधिकारी नेमणे बंधनकारक आहे. तक्रारींच्या निवारणासाठी राज्यस्तरावर लोकपालाची तरतूद आहे.

मदतीची दारेही उघडी आहेत. शासकीय तपासणी केंद्रात तपासणी व समुपदेशन विनामूल्य होते. १०९७ या क्रमांकावर दूरध्वनी केल्यास नाव न सांगता माहिती मिळते. निराधार अवस्थेतील पात्र व्यक्तींना संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा आधार घेता येतो. असा अर्ज आपल्या टेबलावर आला तर तो शेजारच्या टेबलावर चर्चेसाठी न नेता योग्य त्या फायलीत ठेवणे, एवढेही काही थोडे काम नाही.

मित्रहो, एके काळी या आजारावर औषधच नव्हते. पुढे औषध निघाले, तेव्हा ते परवडत नव्हते. आज औषध आहे, ते विनामूल्य आहे, जिल्ह्याजिल्ह्यांत आहे, आणि ते घेणारा माणूस इतरांप्रमाणे काम करून, संसार करून म्हातारा होऊ शकतो. विज्ञानाने व शासनाने आपला वाटा बराचसा उचलला आहे. राहिलेला वाटा लहान आहे, पण तो आपल्याशिवाय कोणी उचलू शकत नाही. कोणालाही गोळी लपवावी लागू नये, तिच्यासाठी खोटे बोलावे लागू नये, तिच्या भीतीने गाव सोडावे लागू नये, इतके आपण करावयाचे आहे. येथून गेल्यावर पहिल्या ग्रामसभेत ती सर्वांसाठीची दवंडी द्यावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.